पेन्सिलीतलं वाक्य

"खरंय का पण?" असं विचारून ते गेज वर करायचे.

गेज म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण तुमच्यापैकी सगळ्यांनीच काही चिकलठाण्याच्या कारखान्यात दिवस काढलेले नसणार. वीतभर लांबीची पोलादी कांडी. एका टोकाला हिरवा पट्टा, दुसऱ्याला लाल. बुशाला, म्हणजे यंत्रात बसवायच्या छोट्या जाड नळीला, पाडलेलं भोक मापात आहे की नाही ते बघायचं, तर हिरवं टोक आत गेलं पाहिजे आणि लाल टोक अडलं पाहिजे. हिरवं म्हणजे गो, लाल म्हणजे नो-गो. संपलं शास्त्र. आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसून हे गृहस्थ दिवसभर भोकांना कांडी लावायचे, आणि मधल्या वेळात तीच कांडी माणसांच्या बोलण्याला लावायचे.

तुम्ही सहज म्हणालात, "काल मी पाचलाच घरी पोचलो," की ते चष्म्याच्या वरून बघत. "खरंय का पण?" तुम्ही जरा चाचरलात की लाल टोक वर. "नो-गो." बस. राग नाही, उपदेश नाही. खराब नग ट्रेमध्ये बाजूला ठेवावा तसं तुमचं वाक्य बाजूला ठेवून ते पुढचा बुश उचलत.

मी तिथला स्टोअरकीपर. आता स्टोअरकीपरला दिवसातून चाळीस वेळा "संपलंय, उद्या या" म्हणावं लागतं, आणि त्यातलं निम्मं संपलेलं नसतं. त्यामुळं कारखान्यात सगळ्यात जास्त लाल टोक कुणी पाहिलं असेल तर मी.

त्याचा सूड मी माझ्या पद्धतीनं घ्यायचो. मला नकला येतात. लहानपणापासून येतात. शाळेत मास्तरांच्या करायचो, लग्नात व्याह्यांच्या करायचो, कँटीनमध्ये डबे उघडले की फर्माईश यायची, "भाऊ, होऊन जाऊ द्या." मग मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचो, मान डावीकडं कलती करायचो, चमचा हातात उभा धरायचो आणि त्यांच्या त्या बसक्या, सावकाश आवाजात म्हणायचो, "ही भाजी वांग्याची आहे म्हणता. खरंय का पण?" लोक ठसका लागेपर्यंत हसायचे. ते स्वतः कोपऱ्यात बसून भाकरी मोडत ऐकायचे आणि शेवटी गेज खिशातून काढून हिरवं टोक दाखवायचे. नक्कल पास!

एवढ्या दिलदार माणसाची नक्कल करायला मला आणखीनच चेव यायचा.

तर एकदा असं झालं की बाहेरदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक आमचे बुश घ्यायला तयार झालं, पण त्यांची अट होती की त्यांचा माणूस येऊन कारखाना बघणार आणि कामगारांशी स्वतः बोलणार. इंग्रजीत. मॅनेजरसाहेबांना घाम फुटला. आमच्याकडं मराठी बोलणारे, हिंदी बोलणारे, दोन्हींची भेळ करून बोलणारे भरपूर, पण इंग्रजीच्या नावानं सगळे "येस सर" वर थांबलेले. साहेबांनी एक कागद टाईप करून घेतला. त्यावर दहा-बारा वाक्यं. 'आय हॅव ग्लव्हज. आय हॅव गॉगल. ही हॅज ट्रेनिंग. वी हॅव ड्रिंकिंग वॉटर.' आणि तो कागद त्यांनी आमच्या या गेजवाल्यांच्या हातात दिला, कारण बाहेरून परीक्षा देऊन इंग्रजीत बीए झालेले कारखान्यात ते एकटेच. तीन महिन्यांत सगळ्यांकडून पाठ करून घ्या म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं हॅवसर.

वर्ग जेवणानंतर अर्धा तास, कँटीनमध्ये. भिंतीला फळा टेकवलेला, हवेत ठेच्याचा वास. मी आगंतुक. मला चलन-पावतीपुरतं इंग्रजी येत होतं, पण फुकटचा तमाशा कोण सोडतो? पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि तो काही वर्गात बाहेर काढला नाही. म्हणाले, "हॅव म्हणजे माझ्या हातात आहे. हॅज म्हणजे त्याच्या नाहीतर तिच्या हातात आहे. आणि विल हॅव म्हणजे अजून कुणाच्याच हातात नाही, नुसतं तोंडात आहे. म्हणून विल हॅव जपून वापरायचं."

"आणि विल हॅज?" मागून कुणीतरी विचारलं.

"तसं नसतं. विल आलं की सगळ्यांना हॅवच. पुढचं सांगताना साहेब काय नि आपण काय, एकाच रांगेत."

वर्गाला हे फार आवडलं. मालकाच्या आधी इंग्रजीनं आम्हाला एका रांगेत बसवलं!

मग त्यांनी नियम सांगितला. "व्याकरण चुकलं तर चालेल. मी दुरुस्त करीन. खोटं वाक्य मात्र चालणार नाही. ते दुरुस्त होत नाही."

पहिली उभी राहिली सुमनताई. ती कानशीनं बुशांच्या कडा घासायच्या बाकावर काम करायची. पन्नाशीची, ठसठशीत कुंकू, आवाज असा की ग्राइंडिंगची तीन मशिनं चालू असताना ती पलीकडं हाक मारू शकायची.

"आय हॅव वन हजबंड," ती म्हणाली.

"खरंय का पण?"

ती विचारात पडली. "कागदावर हाय, सर. घरात लई कमी असतो."

हशा झाला. सरांनी गेज हातात आडवं धरलं. हिरवंही नाही, लालही नाही. "हे वाक्य होल्डवर," ते म्हणाले. तिनंही गंभीरपणे मान हलवली आणि खाली बसली.

त्यांनी एक लाँग बुक केलं होतं. प्रत्येकाला एक पान. हॅवची वाक्यं पेनानं लिहायची, विल हॅवची पेन्सिलीनं. पेन्सिलीतलं वाक्य खरं झालं की त्यावरून सर स्वतः पेन फिरवायचे. खरं होणं शक्यच नाही असं ठरलं, तर रबरानं खोडायचे. खिशात पेन, पेन्सिल, रबर आणि गेज. शर्टाचा खिसा कायम एका बाजूला लोंबलेला.

माझी पाळी आली तेव्हा मी उठून, छाती काढून म्हणालो, "आय विल हॅव ॲन एलिफंट."

"खरंय का पण?"

"छावणीत आमच्या घरामागं जागा आहे, सर."

लोक बाकं बडवायला लागले. सर थांबले. हसू ओसरू दिलं. मग म्हणाले, "भाऊ, तुमच्या हातात असेल असं काहीतरी सांगा."

आता, हे मला कित्येक दिवसांपासून घरी बोलवत होते. त्यांचं घर मुकुंदवाडीला, रेल्वे स्टेशनाच्या अलीकडच्या गल्लीत. माझा घरी जायचा रस्ता तोच. रोज संध्याकाळी मुकुंदवाडी ओलांडल्याशिवाय मी छावणीला पोचूच शकत नाही. "चहाला या," ते म्हणायचे. "येतो," मी म्हणायचो. तर मी म्हटलं, "आय विल हॅव टी विथ सर, ॲट हिज होम."

त्यांचा चेहरा असा उजळला की मीच जरा ओशाळलो. हिरवं टोक वर. माझ्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं ते वाक्य सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं.

वर्ग असा चालू राहिला. लोकांना गोडी लागली. खरं वाक्य शोधायचं म्हणजे आधी आपल्याकडं काय आहे ते बघावं लागतं, आणि ते बघायची सवय आमच्यापैकी फार थोड्यांना होती. "शी हॅज माय ब्लाऊज, नणंद हॅज," असं सुमनताईनं एकदा कळकळीनं सांगितलं आणि ते पेनात गेलं.

एक दिवस कादरभाई उभे राहिले. ग्राइंडिंगवरचे जुने कारागीर, शहाण्णव नंबर मशिनवाले, कमी बोलणारे. "आय हॅव टू गुड आईज," म्हणाले, आणि लगेच स्वतःच थांबले. सरांनी विचारायच्या आधीच त्यांनी मान हलवली. "नै सर. नो-गो. वन गुड आय. ये दूसरे में दो साल पहले कण गया था. पानी आता हमेशा. दिखता, पर धुंदला."

कुणी हसलं नाही. सरांनी गेज उचललंच नाही. वहीत त्यांच्या पानावर पेनानं लिहिलं, 'आय हॅव वन गुड आय', आणि वर्ग दहा मिनिटं लवकर सोडला.

मग ते थेट माझ्या खिडकीशी आले. "भाऊ, स्टोअरमध्ये सेफ्टी गॉगल किती?"

"रजिस्टरला चाळीस."

"आणि कपाटात?"

मी कपाटाकडं बघितलं. "अकरा. त्यातले सहा तडकलेले."

"रजिस्टर कोण लिहितं?"

"मीच की. वरून सांगतात तसं."

त्यांनी लाल टोक दाखवलं नाही. त्या दिवशी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. ते तसेच साहेबांच्या केबिनकडं गेले आणि थोड्या वेळानं आनंदानं परत आले. "साहेबांनी शब्द दिलाय. गिऱ्हाइकाच्या ऑडिटच्या आधी सगळ्यांना गॉगल. चाळीसच्या चाळीस." दुसऱ्या दिवशी वर्गाच्या सामायिक पानावर मोठ्या अक्षरात पेन्सिलीनं वाक्य आलं, 'वी विल हॅव गॉगल्स.' सगळ्यांनी ते तीनदा मोठ्यानं म्हटलं. कादरभाईंनी चारदा.

महिना गेला, दुसरा गेला. सर दर आठवड्याला विचारत. साहेब "येतायत" म्हणत.

ऑडिटच्या आदल्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कारखान्याच्या शेडमधून पस्तीस गॉगल उसने आणायचे, त्यांचे स्टिकर खरवडून काढायचे, सकाळी वाटायचे आणि पाचच्या आत परत करायचे. मी दोन पोत्यांत भरून आणले. ब्लेडनं स्टिकर काढता काढता गाणंही म्हणत होतो बहुतेक. खोटं कशाला सांगू, मला त्या धावपळीत मजा येत होती. नाटकाच्या आधी रंगपटात असते तशी.

सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल बघून सर माझ्या खिडकीशी धावत आले. काखेत लाँग बुक, हातात पेन, टोपणही काढलेलं. "आले?"

"आले, सर."

"खरंय का पण?"

"डोळ्यांनी बघा की," मी म्हणालो.

त्यांनी काउंटरवरचा एक गॉगल उचलला, उजेडात धरला. दांडीवर खरवडलेल्या स्टिकरचा चिकटा राहिला होता. त्यावरून अंगठा फिरवला. मग पेनाला टोपण घातलं आणि टेबलाकडं परत गेले.

ऑडिटवाल्या मॅडम आल्या. उंच, गोऱ्या, केस पिकलेले, हसऱ्या. मॅनेजरसाहेब एका बाजूला, मी सामान दाखवायला मागं. मॅडम कानशीच्या बाकापाशी थांबल्या आणि सुमनताईला अगदी सोपं विचारलं, "डू यू हॅव गॉगल्स?"

गॉगल तर नाकावरच होता. मराठीत विचारलं असतं तर सुमनताईनं "हाय की!" म्हणून वर दोन गोष्टी पदरच्या सांगितल्या असत्या. हिंदीतही तिनं खुशाल ठोकून दिलं असतं. आम्ही सगळेच या दोन्ही भाषांत सराईत. पण इंग्रजीत खोटं कसं बोलायचं, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं! तिच्याकडं असलेलं सगळं इंग्रजी गेजमधून पास होऊन आलेलं. तिनं गॉगल काढून हातात घेतला, त्याच्याकडं बघितलं आणि तिच्या त्या तीन मशिनांवर मात करणाऱ्या आवाजात म्हणाली,

"नो मॅडम. टुडे आय हॅव. टुमारो," तिनं खिडकीतून रस्त्यापलीकडं बोट केलं, "ही हॅज."

मॅडमना वाटलं आपल्याला नीट समजलं नाही. त्या कादरभाईंकडं वळल्या. कादरभाई उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे ताठ. "आय हॅव वन गुड आय, मॅडम. गॉगल नॉट माय. वी विल हॅव." आणि जरा थांबून, "साहब हॅज प्रॉमिस."

व्याकरणात काय चुकलं असेल ते असो. मॅडमना सगळं समजलं. त्यांनी वहीत बराच वेळ लिहिलं.

दुपारी केबिनमध्ये पंचायत बसली. साहेब, दोन बडे अधिकारी आणि गॉगलचा हिशेब द्यायला मी. दाराबाहेर सरांना उभं केलेलं. आमच्या केबिनची भिंत म्हणजे प्लायवूड. आतली शिंकही बाहेर ऐकू जाते.

"स्टोअर," साहेब मला म्हणाले, "तुम्ही रोज त्या वर्गात असता. नक्की शिकवतो काय तो?"

मंडळी, इथं जरा थांबतो. त्या क्षणी मला सांगता आलं असतं की साहेब, शिकवलं ते खरंच शिकवलं. खोटं ते माझ्या रजिस्टरात आहे आणि माझ्या दोन पोत्यांत आहे. तीन माणसं माझ्याकडं रागानं बघत होती. आणि रागावलेल्या माणसांपुढं मला आयुष्यभर एकच गोष्ट करता आलीय. मी टेबलावरचं साहेबांचं पेन उचललं. उभं धरलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान डावीकडं.

"खरंय का पण?" मी त्या आवाजात म्हणालो. एक अधिकारी फिसकन हसला. मला सूर सापडला. "खोटं वाक्य माझ्या वर्गात चालणार नाही." दुसराही हसला. आता शेवटची टाळी हवी होती, तर मी आवाज आणखी बसका केला. "मग ते साहेबांचं असलं तरी रिजेक्ट!"

खोली हसली. साहेब मात्र हसता हसता थांबले.

"साहेबांचं असलं तरी? असं म्हणाला तो?"

नाही. कधीच नाही. ते शेवटचं मी जोडलं होतं. गोष्ट सांगणारा जोडतो तसं. टाळीसाठी. तोंडात आलं होतं, 'नाही साहेब, ते माझं.' चार शब्द.

"म्हणजे... तशा अर्थाचं," मी म्हणालो.

संध्याकाळी सरांनी राजीनामा लिहून दिला, म्हणजे त्यांच्याकडून लिहून घेतला. कामगारांना फितवतो, साहेबांविरुद्ध बोलतो, असं कारण तोंडी. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

नोकरी सोडणाऱ्यानं आपली हत्यारं स्टोअरमध्ये जमा करायची आणि स्टोअरकीपरनं फॉर्मवर सही करायची, असा नियम. म्हणजे ते शेवटी माझ्याच खिडकीशी येणार होते. मी पाठमोरा होऊन कपाटात काहीतरी शोधत राहिलो. मागून काउंटरवर पोलाद ठेवल्याचा आवाज आला. व्हर्निअर. मायक्रोमीटर. मग गेज.

"आवाज चांगला काढता माझा," ते म्हणाले.

मी वळलो.

"शेवटचं वाक्य तेवढं माझं नव्हतं."

एवढंच म्हणाले. मी सही केली. ते लाँग बुक काखेत मारून दोन पावलं गेले आणि वळले. वळून काय म्हणाले असतील?

"चहाला या."

"येईन, सर."

त्यांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. गेज काउंटरवर होतं. रिकाम्या खिशावर हात तसाच ठेवून ते म्हणाले, "खरंय का पण?"

मी नाही गेलो.

गॉगल महिन्याभरात आले. मॅडमनी ऑर्डर दिली, पण आधी चाळीस गॉगल दाखवा म्हणाल्या. चाळीसच्या चाळीस मीच मोजून घेतले आणि पहिल्यांदा रजिस्टर आणि कपाट एकमेकांशी जुळलं. आज आमच्याकडं कुणी गॉगलशिवाय ग्राइंडिंगला उभं राहत नाही. हे ज्यांच्यामुळं झालं त्यांना जाऊन सांगावं, एवढं साधं कारण माझ्याकडं होतं. रोज संध्याकाळी मुकुंदवाडी यायची आणि मी गाडीचा वेग वाढवायचो. कधी वाटायचं, आधी कुणाकडून तरी निरोप धाडू. कधी, दिवाळीला मिठाई घेऊनच जाऊ. मग रोगाची साथ आली, मग लेकीचं लग्न निघालं. कारणांचं स्टोअर माझ्याकडं कायम भरलेलं. नकला मात्र बंद केल्या. लोक म्हणायचे, भाऊ म्हातारे झाले.

मागच्या उन्हाळ्यात सुमनताई खिडकीशी हातमोजे मागायला आली आणि हातमोजे न घेता तशीच उभी राहिली.

"भाऊ, हॅवसर गेले. तेरावाबी झाला काल."

"मला कुणी सांगितलं नाही ते?"

"सांगणार व्हते. कादरभाई म्हणले, भाऊ कधी जात न्हाईत तिकडं, त्यांचं आन् सरांचं काय बिनसलं असंल." ती जरा थांबली. "बिनसलं व्हतं का?"

"नाही गं," मी म्हणालो. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, तिला केबिनमधलं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी हातमोजे घेऊन गेली, त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

त्याच संध्याकाळी मुकुंदवाडीला गाडी वळवली. घर शोधावं लागलं नाही. इतकी वर्षं मनात पाठ होतं. वहिनींनी दार उघडलं. "नमस्कार वहिनी," मी म्हटलं, आणि नाव सांगायच्या आत त्या म्हणाल्या, "स्टोअरवाले भाऊ ना? आवाजावरून ओळखलं. हे तुमच्या नकलेची नक्कल करून दाखवायचे."

मी खुर्चीवर बसलो. समोर त्यांचा फोटो, हार. वहिनी चहाला आत गेल्या. मागून आगगाडी गेली तशी भांडी हलकी किणकिणली. चहा आला. घोटभर प्यायलो. आल्याचा होता.

"वही बघायचीय?" त्यांनी विचारलं. "सगळे बघतात. सुमनताई, कादरभाई येऊन जाऊन असायचे. कुणाचं काय झालं की ह्यांना सांगायला यायचे, मग हे पेन काढायचे."

लाँग बुक तेच. सामायिक पान उघडलं तर 'वी विल हॅव गॉगल्स' मधल्या विल वर काट मारलेली आणि बाकीचं निळ्या शाईत. गॉगल आले त्याच आठवड्यात सुमनताई धावत सांगायला आली होती, वहिनी म्हणाल्या. तेव्हा सरांना दुसरी नोकरी लागली नव्हती. तरी त्या दिवशी पेढे आणले होते.

मग माझं पान. एकच वाक्य. 'आय विल हॅव टी विथ सर ॲट हिज होम.' पेन्सिलीत. पण ते बाकीच्या पेन्सिलीतल्या वाक्यांसारखं पुसट झालेलं नव्हतं. काळं, ठसठशीत, जाड.

"पेन्सिल फिकी पडते ना," वहिनी म्हणाल्या, "म्हणून दर दिवाळीला वही काढून एवढं एक वाक्य परत गिरवायचे. मी म्हणायची, खोडा आता. नाही यायचे ते. तर हे म्हणायचे, रस्त्यावरच तर आहे घर त्यांच्या."

मी कप खाली ठेवला. रिकामा झाला होता. वहिनींनी माझ्यापुढं पेन धरलं. "घ्या, तुम्हीच फिरवा. चहा तर घेतलात."

मी पेन हातात घेतलं. वाक्य परत वाचलं. घर होतं. चहा झाला होता. मधला एक शब्द राहिला होता आणि तो समोरच्या भिंतीवर हार घालून बसला होता.

"वहिनी, रबर आहे का त्यांचा?"

त्यांनी फोटोखालच्या फळीवरून रबर आणून दिला. एका बाजूनं झिजलेला, अंगठ्याएवढा. मी खोडलं. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, सावकाश. अक्षरं गेली. पण इतक्या वेळा गिरवलेलं, कागदावर खाचा राहिल्या. बोट फिरवलं तर सगळं वाक्य बोटाला लागत होतं, सर या शब्दासकट.

वहिनींनी रबराचा चुरा तळहातावर गोळा केला आणि दारापर्यंत सोडायला आल्या.

"परत याल?"

येईन म्हणायला तोंड उघडलं. उघडलं ते तसंच मिटलं. त्यांना नमस्कार केला, चपला घातल्या आणि गाडीपाशी येऊन, किल्ली हातात घेऊन, कितीतरी वेळ त्या दाराकडं बघत उभा राहिलो.